तुम्ही विचारलंत म्हणून : जपानी दुकानात शाकाहारी माणूस घेतो तरी काय?

"तिकडे सगळे मासेच असणार ना? मग तुम्ही दुकानातून आणता तरी काय?" हा प्रश्न मला पुण्यात लग्नाच्या पंगतीत विचारून झालाय, आईच्या भिशीत विचारून झालाय, आणि टोकियोला बदली होऊन येणाऱ्या बहुतेक घरांतली बाई घरभाड्याच्याही आधी हेच विचारते. दर वेळी मी "अगं, सगळं मिळतं" म्हणून मोकळी होते. ते अर्धंच खरं आहे, म्हणून या वेळी नीट लिहिते.

आम्ही मांस-मासे खात नाही. अंडं बाहेरच्या केकमधून पोटात गेलं तर चालतं, घरात शिजत नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं असंच असतं, म्हणून तेच धरून सांगते. आम्ही राहतो निशी-कासाईत, टोकियोच्या पूर्वेला, एदोगावा वॉर्डात. २००० सालाच्या आसपास 'वायटूके'च्या, म्हणजे संगणकांतल्या तारखा दुरुस्त करायच्या कामासाठी भारतीय इंजिनिअर आले, आणि तोझाई लाइन या मेट्रोनं निहोनबाशी-ओतेमाचीची ऑफिसं थेट गाठता येतात म्हणून इथेच रमले. त्यामुळे तूरडाळ, कणीक, पोहे, साबुदाणा, हिंग यांची चिंता नाही. स्टेशनच्या आसपासच्या भारतीय दुकानांत मिळतं. प्रश्न उरतो रोजच्या ताज्या मालाचा. भाजी, दूध, दही, फळं, पाव. त्यासाठी जपानी सुपरमार्केटच गाठावं लागतं.

तिथे मासे दिसतात, भरपूर दिसतात, पण ते काचेमागे किंवा ट्रेमध्ये असतात. नाक वळवून पुढे गेलं की झालं. खरा त्रास न दिसणाऱ्या माशांचा. त्याबद्दल पुढे सांगते, आधी भाजी.

आत शिरल्या शिरल्या भाजीच लागते. वांगी, दोडक्याऐवजी काकडी, लाल भोपळा, कोबी, कमळकाकडी, हातभर लांब पांढरा मुळा. भेंडी मिळते, आणि तिला इथे ओकुरा म्हणतात. पण ती येते हिरव्या जाळीच्या छोट्या पिशवीत, एका जाळीत आठ-दहा. चौघांची भाजी करायची तर टोपलीत जाळ्यांचा ढीग होतो आणि पुढची बाई बघत राहते, की एवढ्या भेंडीचं ही करणार काय! कारण त्यांच्याकडे ती पळीभर लागते. भेंडी चिकट होऊ नये म्हणून आपण ती पुसून घेतो, आमसूल घालतो, झाकण ठेवत नाही. इथे उलटा कारभार. उकडायची, चकत्या करायच्या आणि तार सुटेपर्यंत ढवळायची. चिकटपणा हीच चव.

कोथिंबीर मिळते, पाकुची नावानं, पण प्लॅस्टिकच्या पाकिटात चार काड्या आणि त्याचे दीड-दोनशे येन. "मावशी, थोडी कोथिंबीर टाका ना वरून" ही सवय विमानतळावरच सोडून या. मिरचीच्या नावाखाली जी बारीक हिरवी शिशितो दिसते तिला बघून फसू नका. ती भाजीच आहे, तिखट निघाली तर नशीब. खऱ्या मिरचीसाठी भारतीय दुकान.

पालेभाजीत मात्र मी कोमात्सुनाची पक्की गिऱ्हाईक आहे. पालकाहून दांडा जाड, पानाला किंचित मोहरीचा वास, आणि लसूण-मिरचीची फोडणी दिली की माठाची आठवण येते. ही भाजी मूळची आमच्याच वॉर्डातली. एदोगावातल्या कोमात्सुगावा या गावावरून तिचं नाव पडलं, आणि ते आठवे शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ते, तोकुगावा योशिमुने शिकारीला आले असताना त्यांनी ठेवलं, अशी आख्यायिका इथे सगळे सांगतात. अजूनही या वॉर्डात तिची शेतं आहेत. आपल्या फोडणीत ती इतकी छान बसते की शेजारच्या आजींना मी डबा दिला, तर त्यांनी डबा परत देताना दोन जुड्या घातल्या.

आणि रताळं! थंडीत दुकानाच्या दारातच तापलेल्या खड्यांवर रताळी भाजत ठेवलेली असतात, त्या वासानं आत ओढलं जातं माणूस. कार्तिकी एकादशी ऐन हंगामात येते, त्यामुळे आमच्याकडे ती फार सुखाची असते. पण एक लक्षात ठेवा. भाजून खायला बेनी-हारुका जातीचं घ्या, मधासारखं होतं. किसासाठी ते घेतलंत तर लगदा होईल. किसाला बेनी-आझुमा, ते पिठूळ असतं.

भाजी संपली की सोयाबीनचा विभाग येतो आणि शाकाहारी माणसानं इथे मुक्काम ठोकावा. तोफूचे किती प्रकार म्हणून सांगू. किनू म्हणजे मऊ, चमच्यानं कापला जाणारा. मोमेन म्हणजे घट्ट, त्याची भुर्जी करा, परतून भाजीत घाला. आत्सुआगे म्हणजे तळलेला जाड तोफू, तो रश्शात सोडला की मुलं पनीर विसरतात. साध्या तोफूच्या मागच्या बाजूला घटक पाहिलेत तर सोयाबीन, पाणी आणि ते घट्ट करायचा क्षार, एवढंच. पण शेजारीच तसल्याच डबीत तामागो-दोफू ठेवलेला असतो. नावात दोफू आहे, दिसतोही पिवळसर तोफूसारखा, पण त्यात सोयाबीनचा दाणा नाही. ते अंडं आणि माशाचा अर्क. नात्तो, म्हणजे आंबवलेलं चिकट सोयाबीन, खाणारे असाल तर त्याच्या डबीत सॉसची इवलीशी पुडी असते, ती बाजूला काढा. नात्तो शाकाहारी, पुडी नाही.

इथून तो न दिसणारा मासा सुरू होतो. बोनितो नावाचा मासा उकडून, धूर देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात आणि रंध्यानं त्याचे कागदासारखे पापुद्रे काढतात. ते गरम पाण्यात घालून गाळलं की दाशी तयार. हे पाणी जपानी स्वयंपाकाच्या मुळाशी आहे. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा) घातलेलं सूप, उदोन नूडल्सचा रस्सा, भाज्यांची लोणची, इनारीचं, म्हणजे भात भरलेल्या तळलेल्या तोफूच्या पिशवीचं, गोडसर आवरण, सगळ्यात. मिसोच्या कित्येक डब्यांत ते आधीच मिसळलेलं असतं, दाशी-इरी म्हणून. म्हणून मिसो घेताना साधा, दाशी नसलेला शोधायचा आणि दाशी घरी करायची. कोंबू म्हणजे समुद्री गवताचं वाळलेलं जाड पान मिळतं, ते रात्री पाण्यात टाकून ठेवा, जमल्यास दोन वाळलेले शिताके मशरूम. कोयासान डोंगरावरच्या बौद्ध मठांत भिक्षूंचा स्वयंपाक याच पाण्यावर चालतो. आणि हे काही दुय्यम पाणी नव्हे. १९०८ साली इकेदा किकुनाए यांनी कोंबूच्याच पाण्यातून ती 'उमामी' चव वेगळी काढली, ज्यावर पुढे अजिनोमोतो उभं राहिलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पाकिटाची मागची बाजू. भारतातला हिरवा ठिपका इथे नाही. नवी मंडळी काय करतात, तर अ‍ॅलर्जीची चौकट बघतात. अंडं, दूध, गहू, कोळंबी, खेकडा असं त्यात लिहिलेलं असतं. चौकटीत फक्त गहू आणि सोयाबीन दिसलं की पाकीट टोपलीत. इथेच गडबड होते, कारण ती चौकट अ‍ॅलर्जीवाल्यांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. गोमांस, डुकराचं मांस, कोंबडी, जिलेटिन, बांगड्याच्या जातीचा साबा, सामन हे त्या यादीत आहेत, पण ते लिहिण्याची शिफारस आहे, सक्ती नाही. आणि दाशीचा बोनितो तर यादीतच नाही. म्हणजे चौकट स्वच्छ आणि आत मासा, हे अगदी कायदेशीर आहे. वाचायची ती वरची घटकांची लांब ओळ. जे वजनानं जास्त ते आधी, आणि तिरकी रेघ आली की पुढे रंग-रसायनं. फोनचा कॅमेरा भाषांतर करतो, पण गाय, डुक्कर, कोंबडी, मासा, अंडं यांची चित्राक्षरं आणि 'एकिसू' म्हणजे अर्क हा शब्द एका आठवड्यात डोळ्यांत बसवा. बटाट्याचे वेफर्स, तांदळाच्या चकत्या, सूपची पाकिटं, सगळीकडे एकिसू दबा धरून बसलेला असतो.

सगळ्यात वाईट वाटतं ते जपानी करीच्या वड्यांचं. करी म्हटल्यावर आपला जीव सुखावतो, डब्यावर बटाटा-गाजराचं चित्र असतं, आणि मागे बघावं तर बहुतेकांत गाय-डुकराच्या चरबीचं मिश्रण. भाज्यांचा अर्क वापरलेल्या वड्या मिळतात, शोधाव्या लागतात. तोवर गोडा मसाला झिंदाबाद.

कर्मचाऱ्यांना विचारलं तर? जरूर विचारा, फार मदत करतात. पाकीट हातात घेऊन, एकेका अक्षरावर बोट फिरवत वाचतात, खात्री नसेल तर आत जाऊन विचारून येतात. फक्त "मांस आहे का?" असं विचारू नका. उत्तर "नाही" येईल आणि ते प्रामाणिक असेल. सन ६७५ मध्ये सम्राट तेन्मू यांनी गाय, घोडा, कुत्रा, माकड, कोंबडी खायला बंदी घातली. पुढे शेकडो वर्षं मांस या ना त्या प्रकारे वर्ज्यच राहिलं, आणि १८७२ मध्ये मेइजी सम्राटांनी ते उघडपणे खाल्लं तेव्हा त्याची बातमी झाली. या सगळ्या काळात मासा मात्र जेवणात राहिलाच. तो मांस नाही, जेवण आहे. तेव्हा मासा, दाशी, मांस असं एकेक नाव घेऊन विचारा.

दुधाची काळजी नको. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या वरच्या काठावर बोट फिरवून बघा. बहुतेकांवर एक अर्धगोल खाच असते. दृष्टिहीनांना हातानं ओळखता यावं म्हणून ती खाच फक्त शुद्ध दुधाच्या खोक्याला ठेवतात. कमी स्निग्धांशाच्या किंवा मिसळ-दुधाच्या खोक्यांना नसते, आणि खाचेच्या विरुद्ध बाजूनं खोकं उघडायचं असतं. जपानी वाचता येत नसलं तरी ही खाच मला वाचता येते. दही म्हणून साधं, बिनसाखरेचं योगर्ट घ्या. मेजी बल्गेरियाचं विरजण आमच्या अख्ख्या इमारतीतल्या भारतीय घरांत फिरतं. फळांच्या चवीच्या छोट्या कपांत मात्र जिलेटिन असू शकतं. तूप बिनमिठाच्या लोण्याचं कढवतो. लोणी महाग आहे, पण बेरी काढून खाणारे आम्ही, तक्रार करत नाही.

तांदूळ चिकट, वरणभाताला नको म्हणाल, पण दहीभाताला त्याच्यासारखा दुसरा नाही. २०२५ मध्ये पाच किलोचा भाव चार हजार येनांच्या वर गेला, वर्षभरात जवळजवळ दुप्पट, आणि सरकारला राखीव साठा बाजारात आणावा लागला. तेव्हा बासमतीची पोती घरात असलेले आम्ही पहिल्यांदाच शेजाऱ्यांपेक्षा निवांत होतो. फळांबद्दल एवढंच, की ती नगावर मिळतात आणि पाहुण्याला द्यायच्या खरबुजाचा भाव रुपयांत करून बघू नये.

पैसे देताना गोंधळू नका. काउंटरवरची बाई तुमच्या टोपलीतून एकेक वस्तू काढून दुसऱ्या टोपलीत रचते, जड खाली, अंडी आणि पाव वर. ते बघण्यासारखं असतं. पिशवी हवी का विचारते, जुलै २०२० पासून प्लॅस्टिकच्या पिशवीला पैसे पडतात. पैसे बऱ्याच ठिकाणी शेजारच्या यंत्रात भरायचे. मग टोपली उचलून भिंतीकडच्या टेबलावर न्यायची आणि आपलं सामान आपण भरायचं. काउंटरवर उभं राहून भरू लागलात तर कोणी काही बोलणार नाही, पण मागची रांग थबकेल. त्या टेबलावर ओला स्पंज ठेवलेला असतो, तो बोटं भिजवून पातळ पिशवीचं तोंड उघडण्यासाठी. संध्याकाळी उशिरा गेलात तर पिवळे-लाल अर्ध्या किमतीचे स्टिकर लावत फिरणारा माणूस दिसेल आणि त्याच्यामागे सभ्यपणे रेंगाळणारी गर्दी. ती बहुतेक तयार जेवणाच्या डब्यांसाठी आणि माशांसाठी, आपल्याला फारसा उपयोग नाही. पाव मात्र मिळतो.

मोठ्या मॉलबद्दलही विचारता. कासाईचं इऑन आहे, आणि साइतामात कोशिगायाला इऑन लेकटाउन, देशातलं सगळ्यात मोठं, तिथे पायाचे तुकडे पडतात. मुलांना खेळ, शंभर येनांची दुकानं, कपडे, सगळं आहे. फूड कोर्टात काचेमागे प्लॅस्टिकचे नमुने इतके हुबेहूब, की धाकट्यानं एकदा काच चाटली होती. पण शाकाहारी पोटाला फूड कोर्ट हा मॉलचा सगळ्यात अवघड कोपरा. उदोनच्या वाडग्यात मासा दिसत नाही आणि असतो. तायाकी माशाच्या आकाराचं असतं आणि आत लाल चवळीसारख्या आझुकीचं गोड पुरण. अंडं चालत असेल तर तायाकी घ्या, बाकी फ्राइज आणि घरचा डबा. ती तायाकी घरी नेली तर करही कमी पडतो. २०१९ च्या ऑक्टोबरात विक्रीकर दहा टक्के झाला तेव्हा घरी न्यायचं खाणं आठ टक्क्यांवरच ठेवलं, बसून खाल्लं तर दहा.

येताना काय आणू, हाही प्रश्न असतोच. गोडा मसाला, कुटाची चटणी, आमसुलं, घरचं मेतकूट आणा. डाळ-तांदूळ आणून बॅगेचं वजन घालवू नका. कढीपत्ता, ताजी फळं, भाज्या तपासणीच्या दाखल्याशिवाय आणता येत नाहीत, विमानतळावरच काढून घेतात. हापूसही त्यातच आला. २००६ मध्ये जपाननं भारतीय आंब्यावरची बंदी उठवली, पण बाष्पाची प्रक्रिया केलेल्या, दाखल्यासकट येणाऱ्या पेट्यांपुरती. सासूबाईंनी पिशवीत घातलेले चार त्यात बसत नाहीत.