काळी पाचचा षड्ज

रविवार, रात्री साडेदहा

आज सकाळी शिकवणीला एक नवा विद्यार्थी आईबरोबर आला. वय एकोणीस, अभियांत्रिकीचे दुसरे वर्ष, राहायला कोथरूडला. आवाज इतका खालचा की त्याने नुसता नमस्कार केला, तरी शेजारच्या वर्गातल्या मुली वळून पाहू लागल्या. आईंची तक्रार नेमकी याच आवाजाबद्दल होती. आधीच्या गुरुजींनी त्याला तीन वर्षे काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज (सा) धरून, गायला लावले होते, आणि परीक्षेत तार षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला, आवाज फाटल्यावर त्याने गाणेच सोडले होते. "सर, याचा आवाज जरा चढवून द्या," असे त्या म्हणाल्या. पिठाची गिरणी असती, तर मीही जाड-बारीक करून दिले असते.

पेटी घेऊन मी पट्टी एकेक पायरी खाली नेली: काळी एक, पांढरी एक, पांढरी सात, आणि मग काळी पाच. तिथे त्याची हनुवटी खाली आली, मानेच्या शिरा निवल्या आणि षड्ज आपोआप लागला. माझीही पट्टी हीच आहे, म्हणून मला जरा जास्तच आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे. पुण्यात काळी पाच म्हटले की लोकांना बायकांची पट्टी आठवते, कारण एक सप्तक वर ती त्यांची नेहमीचीच आहे. तरुणपणी एका घरगुती बैठकीत यजमानांनी माझी पट्टी ऐकून "बाई कधी येणार आहेत?" असे मला विचारले होते. तबलजींनी मात्र मोठ्या तोंडाचा तबला मुकाट्याने पुढे ओढला आणि बैठक पार पडली.

दुपारभर त्या मुलाचा विचार डोक्यात राहिल्यामुळे संध्याकाळी मी कुर्ट मोल या जर्मन बास (पुरुषांतल्या सर्वांत खालच्या आवाजाच्या) गायकाची ध्वनिमुद्रणे काढून बसलो आणि शेजारी पेटी घेतली. हा खेळ मी पूर्वीही खेळलो आहे, पण आज तो नीट खेळलो. मोझार्टच्या १७९१ सालच्या 'जादूची बासरी' या ऑपेरातला पुरोहित झारास्ट्रो ज्या सर्वांत खालच्या स्वरावर उतरतो, तो खालची पांढरी चार आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे ८७ कंपने; आणि काळी पाच हा षड्ज धरला, तर तो अगदी आमचा मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला 'प', होतो. रिचर्ड स्ट्राउसच्या 'रोझेनकावालीअर' या ऑपेरामध्ये दुसऱ्या अंकाच्या अखेरीस बॅरन ऑक्स वॉल्ट्झच्या ठेक्यावर 'लांब' या अर्थाचा शब्द धरून ठेवतो. तो स्वर त्याच्याही एक पट्टी खाली, म्हणजे आमचा मंद्र तीव्र मध्यम. मोझार्टच्याच १७८२ सालच्या ऑपेरातला पाशाचा रखवालदार ओस्मिन त्याखाली मंद्र शुद्ध गंधारावर जातो, आणि तिथे नुसता जाऊन येत नाही, तर ठाण मांडून बसतो. दरबारी रागातला कोमल गंधार मंद्रात घ्यायचा झाला, तर आणखी एक पट्टी खाली जावे लागेल, आणि तिथे माझा आवाज हवेइतकाच उरतो. मोल यांच्या गळ्यात हे स्वर ओढून काढल्यासारखे कधीच वाटत नाहीत. खाली जाताना ते आवाज दाबत नाहीत, फुगवतही नाहीत. खर्ज, म्हणजे खालचे स्वर, साधताना आम्ही पहाटे विद्यार्थ्यांना जे सांगतो, तेच हे आहे. फरक इतकाच की, त्यांना ते ध्वनिवर्धकाशिवाय, पुढ्यात पूर्ण वाद्यवृंद असताना करायचे होते.

मला त्यांच्या आवाजाइतकेच त्यांच्या वाटचालीचे आकर्षण आहे. १९३८ साली कोलोनजवळच्या बुइर या गावी त्यांचा जन्म झाला. लहानपणी त्यांना चेलोवादक व्हायचे होते, पण शाळेच्या गायकवृंदाच्या संचालकांनी त्यांना गळ्याकडे वळवले. विशीत कोलोनच्या ऑपेरात लहान भूमिका, मग माइन्त्स, मग वुपरटाल, अशी वर्षे काढल्यावर १९६९ च्या सुमारास ते हॅम्बुर्गला पोहोचले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्यांचा पहिला प्रवेश १९७८ साली, म्हणजे चाळिशीत झाला. बास आवाज तिशीनंतर पिकू लागतो, हे तिकडच्या नाट्यगृहांना ठाऊक आहे. तोवर गायकाला दरवान, राजाचा दूत, म्हातारा बाप अशी कामे मिळतात आणि पगारही मिळतो. आमच्याकडे एकोणिसाव्या वर्षी मुलाची परीक्षा, स्पर्धा आणि तार सप्तकातली टाळी हे सगळे एकदमच उरकायचे असते. अमीर खाँसाहेबांनी मंद्रात उभे केलेले अतिविलंबित, म्हणजे फार संथ लयीतले, गाणे आम्ही आदराने ऐकतो, पण आपल्या मुलाने तसे गावे असे म्हणणारा पालक मला चाळीस वर्षांत भेटलेला नाही.

मोल १९९१ पासून कोलोनच्या संगीत महाविद्यालयात शिकवत. वर्गात ते काय सांगत असतील, याची मला फार उत्सुकता आहे. माझ्या शिकवणीत खालच्या आवाजाच्या मुलांबाबत निम्मे काम त्यांना वर जाऊ न देण्याचेच असते, आणि त्या कामाची फी मागताना मला आजही संकोच वाटतो.

जुलै २००६ मध्ये म्युनिकला त्यांनी रंगमंचाचा निरोप घेतला, तो कोणत्याही मोठ्या भूमिकेत नव्हे. वाग्नरच्या 'माइस्टरझिंगर' या ऑपेरात रात्री रस्त्यातून जाताना दहाचे टोल पडल्याची वर्दी देणारा गस्तवाला आहे. त्याच्या वाट्याला जेमतेम काही ओळी येतात. अडुसष्टाव्या वर्षी मोल यांनी तो गायला. मार्च २०१७ मध्ये ते गेले.

संध्याकाळी त्या मुलाच्या आईंचा फोन आला. येत्या सत्रात गाण्याच्या मध्यमा परीक्षेला पुन्हा बसवता येईल का, असे त्यांनी विचारले. मी दोन वर्षे परीक्षा नको आणि पहाटे सहाची वेळ ठेवू, असे सांगितल्यावर त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग "वडिलांना विचारून कळवते," एवढेच म्हणाल्या. पाठीमागून त्या मुलाचा आवाज आला, "आई, मी जाणार आहे."

वर्गातला मोठा तानपुरा आत्ताच काळी पाचला उतरवून पाहिला. खर्जाची तार सैल पडून घोड्यावर नुसती फडफडते आहे. मंगळवारच्या आत तिथे जाड पितळी तार चढवली पाहिजे आणि तारेखालचा जवारीचा दोराही बदलला पाहिजे.