तुम्ही विचारलंत म्हणून: केळीच्या खोक्यावर केळीचंच चित्र

रावेर-यावलकडून माझ्याकडे ट्रेडमार्कच्या कामाला येणारे बहुतेक जण हेच विचारतात. "वकीलसाहेब, नुसतं मालाचं वर्णन करणारं नाव नोंदवता येत नाही, हे कळलं. पण चित्राचं काय? चित्र थोडंच बोलतं?"

बोलतं. खोक्यावर पिवळाधमक घड दिसला की आत केळी आहेत हे अक्षरओळख नसलेल्यालाही कळतं. 'केळी' हा शब्द जे सांगतो तेच चित्रानं सांगितलं. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ९ इथं शब्द आणि चित्र वेगळे धरत नाही. मालाचा प्रकार, दर्जा, उपयोग, मूळ गाव, केवळ एवढंच सांगणारी खूण नोंदवायची नाही, असं ते म्हणतं. मला हे मनापासून पटतं. सावद्याच्या एकाच व्यापाऱ्याला घडाचं चित्र देऊन टाकलं तर बाकीच्यांनी काय छापायचं? नोंदणी दहा वर्षांची, आणि पुढे दर वेळी वाढवता येते. म्हणजे ते चित्र इतरांसाठी गेलंच.

त्या कलमातला 'केवळ' मात्र नीट वाचा. साधा घड अडतो. तीन केळ्यांची होडी करून तिला शीड लावलं, तर ते निव्वळ केळ्यांचं चित्र उरत नाही, आणि नोंदणीची वाट मोकळी होऊ शकते. पण हक्क मिळतो तो त्या अख्ख्या चित्रावर, त्यातल्या केळ्यांवर नाही. शेजाऱ्यानं आपल्या पद्धतीनं घड काढला तर त्याला अडवता येत नाही. नोंदणी झाल्यावर हे कळलं की माणसं फार हिरमुसतात, म्हणून मी आधीच सांगतो.

सफरचंदाचं चित्र सफरचंदांवर काहीच कामाचं नाही. तेच संगणकावर लावलं तर जगभर ओळखतात. चित्र एकच, माल बदलला.

वर्षानुवर्षं वापरून एखादं वर्णनात्मक चित्रही तुमची ओळख झालं असेल, तर कायदा त्याला जागा देतो. पण ती ओळख अर्जाच्या तारखेआधी झालेली हवी. जुनी बिलं, जाहिराती, छापलेली खोकी म्हणूनच जपून ठेवा. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते याहून वेगळं. ते कोणा एकाचं नाही, इथल्या उत्पादकांचं आहे.

गेल्या महिन्यात केळीच्या वेफर्सवाले एक काका आले. घडाचं चित्र घेऊनच आले होते. "केयी आपली, मंग चित्र बी आपलंच ना?" मी विचारलं, "काका, बागेची आठवण म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं?" बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बापाचा कंदील. रातीचं पाणी भरायले जायचा तो."

आता अर्जात कंदील आहे. वेफर्सशी त्याचा काडीचा संबंध नाही, हेच त्याचं बळ. फक्त कोपऱ्यात केळीचं एक पान राहू द्या, म्हणाले. त्या पानावर वेगळा हक्क मिळणार नाही, हे मी समजावून सांगितलं. "नसू दे," म्हणाले. पान राहू दिलं.