सोलापूर ते भिवंडी, २५ मिलिसेकंद

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कुठल्याही कारखानदाराला दोन गावांतल्या ऑफिसांचे कॉम्प्युटर इंटरनेटवरून जोडायचे असले, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "लाईन किती एमबीची घेऊ?" मी आधी दुसरंच विचारते. तिकडच्या माणसाला इकडचं नेमकं काय लागतं आणि दिवसातून किती वेळा लागतं? याचं उत्तर मिळालं की निम्मं काम झालं. जोडणीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि उत्तम मिळतं.

मागच्या वर्षी केलेलं एक काम सांगते. कारखाना टेरी टॉवेलचा. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणते. माल इथे विणून, शिवून, गाठी बांधून भिवंडीच्या गोदामात जातो आणि तिथून व्यापाऱ्यांकडे. हिशेबाचा आणि स्टॉकचा प्रोग्रॅम मात्र कारखान्याच्या ऑफिसात. गोदाम सांभाळणारे काका दुपारी फोन लावून विचारायचे, अमुक क्वालिटीच्या किती गाठी निघाल्यात? इकडून व्हॉट्सअ‍ॅपवर एक्सेलची शीट जायची. ती पोचेपर्यंत इथे आणखी दोन बिलं झालेली असायची. एकदा एकच लॉट दोन व्यापाऱ्यांना कबूल झाला आणि त्यातला एक जुना गिऱ्हाईक कायमचा तुटला. अण्णांनी मला बोलावलं ते त्यानंतर. "ताई, भिवंडीचा कॉम्प्युटर माझ्या शेजारच्या टेबलावर असल्यासारखा चालला पाहिजे," असं त्यांचं मागणं होतं.

दोन्हीकडचे राउटर पाहिले. दोन्हीकडे कॉम्प्युटरच्या पत्त्यांची १९२.१६८.१ हीच मालिका, कारण बरेचसे राउटर खोक्यातून असेच निघतात. खाजगी नेटवर्कसाठी राखलेले हे पत्ते १९९६ पासून ठरलेले आहेत, कुणीही वापरावेत. पण दोन्ही ऑफिसांत १९२.१६८.१.१० पत्त्याचं मशीन असेल तर मधल्या यंत्राने डेटाचं पाकीट कुठे टाकायचं? म्हणून आधी पत्ते बदलायचे, मगच जोडायचं. मी एसटीडी कोडवरून मालिका देते. सोलापूरचा ०२१७, म्हणून इथे १०.२१७.१. मुंबईचा ०२२, म्हणून १०.२२.१ ही मालिका अण्णांच्या मुंबईच्या ऑफिसासाठी आत्तापासूनच राखून ठेवली. भिवंडीचा ०२५२२ मावत नाही (आकडा २५५ च्या वर जात नाही), म्हणून तिथे १०.२५२.१ घेतला. पुढे कुणीही लॉग (यंत्राची नोंदवही) उघडला तरी पाकीट कुठल्या गावचं आहे ते न विचारता कळतं.

दोन ऑफिसांमध्ये इंटरनेटवरून कुलूपबंद वाट काढणाऱ्या सॉफ्टवेअरला, म्हणजे व्हीपीएनला, पर्याय बरेच आहेत. जुन्या विंडोजवाल्यांना पीपीटीपी आठवत असेल. त्याची पासवर्डची पद्धत २०१२ मध्ये जाहीरपणे मोडून दाखवली गेली, तरी ते अजून कुठेकुठे चालू दिसतं आणि माझा जीव खालीवर होतो. आयपीसेक भक्कम आहे, पण दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांत ते जुळवायला बसलात तर दिवस मावळतो. ओपनव्हीपीएन जेम्स योनान यांनी २००१ मध्ये आणलं. मध्य आशियात फिरताना परक्या नेटवर्कवरून ऑफिसशी बोलायची त्यांना काळजी वाटत होती, त्यातून ते निघालं. माझी कितीतरी कामं त्यावर उभी आहेत आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातल्या दाइयू नोबोरी यांचं सॉफ्टईथर तर दोन ऑफिसांचं अक्षरशः एकच लॅन (एका ऑफिसाच्या आतलं नेटवर्क) करून देतं. पण तसं करायची गरज क्वचितच असते. लॅनवरचं प्रत्येक मशीन "कोण आहे रे?" म्हणून सगळ्यांना हाका मारत असतं, त्या हाका विनाकारण ४०० किलोमीटर कशाला न्यायच्या? दोन नेटवर्कं वेगळी ठेवावीत आणि मधे वाट काढावी, या मताची मी आहे.

अण्णांकडे वायरगार्ड बसवलं. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेलं हे काम मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत दाखल झालं. कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) मूळ कोड ४,००० ओळींच्या आसपास, म्हणजे एक माणूस बसून वाचू शकेल एवढा. सुरक्षेच्या सॉफ्टवेअरमध्ये याहून मोठा गुण मला माहीत नाही. प्रत्येक टोकाला किल्ल्यांची जोडी असते: खाजगी किल्ली कुणाला पाठवायची नाही, सार्वजनिक किल्ली समोरच्याला द्यायची. त्या किल्लीपुढे कुठले पत्ते तिच्यातून यायला मोकळे, ते लिहायचं. संपूर्ण फाईल एका पानात मावते. सोलापूरला स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, घेतला. भिवंडीला मिळणार नव्हता, कारण तिथला प्रोव्हायडर कित्येक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवतो. त्यामुळे जोडणीचा फोन नेहमी भिवंडीच्या यंत्राने लावायचा आणि दर २५ सेकंदांनी एक छोटं पाकीट पाठवून वाट जागी ठेवायची, अशी रचना केली. दोन्हीकडे पंखा नसलेला छोटा लिनक्स बॉक्स. पंखा मुद्दाम टाळला. टॉवेलच्या कारखान्यातली बारीक रुई पंख्यात जाऊन बसते, आणि इथल्या मे महिन्यात पत्र्याखाली ते यंत्र तापून बंद पडतं.

जोडणी त्याच दिवशी उभी राहिली. भिवंडीहून सोलापूरचं शेअर फोल्डर उघडलं. स्टॉकचा प्रोग्रॅम चालू केला आणि काका म्हणाले, "ताई, लॉरी दारात उभी आहे, आणि हे अजून फिरतंय."

लाईन दोन्हीकडे १०० एमबीची होती आणि जवळजवळ रिकामी होती. या ठिकाणी बहुतेक जण लाईन दुप्पट करतात आणि पैसे वाया घालवतात. खरा हिशेब वेगळा आहे. प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन ८०० किलोमीटर धरले तर ४ मिलिसेकंद झाले, आणि ते कुणालाही, कितीही पैसे मोजून, कमी करता येत नाहीत. त्यात केबलचे वळसे आणि मधली यंत्रं मिळवली की आम्हाला प्रत्यक्षात २५ दिसत होते. एका पाकिटासाठी हे काहीच नाही. पण हा प्रोग्रॅम एकाच ऑफिसात चालावा म्हणून लिहिलेला. तो शेअर फोल्डरमधली फाईल तुकड्या-तुकड्याने वाचतो: एक तुकडा मागतो, उत्तर येईपर्यंत थांबतो, मग पुढचा मागतो. स्टॉकचा एक रिपोर्ट काढायला असे ४,००० सवाल लागतात असं धरा. ऑफिसात एका सवालाला अर्धा मिलिसेकंद, म्हणजे २ सेकंदांत रिपोर्ट. भिवंडीहून २५ मिलिसेकंद, म्हणजे १०० सेकंद. हा सगळा वेळ वाट पाहण्यात जातो, लाईन भरण्यात नाही. ज्वारीचं एकेक कणीस खांद्यावर घेऊन शेतातून खळ्यावर खेपा घालणाऱ्याला रस्ता रुंद करून दिला तर त्याच्या खेपा कमी होतील का?

म्हणून प्रोग्रॅमच सोलापूरला ठेवला. फाईलही इथे, ती वाचणारं मशीनही इथे. काका वायरगार्डमधून रिमोट डेस्कटॉपने त्या मशीनवर येतात. हजारो सवाल-जवाब अक्कलकोट रोडच्याच एका खोलीत होतात आणि भिवंडीला फक्त पडद्याचं चित्र जातं. २५ मिलिसेकंद उशिरा उठलेलं अक्षर माणसाच्या डोळ्याला जाणवत नाही. विंडोज सर्व्हरचं आणि रिमोट डेस्कटॉपचं लायसन्स रीतसर घ्यावं लागतं, तो खर्च अण्णांना आधीच सांगितला होता.

यानंतर एकच कुरकुर राहिली. पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतं का ते पाहणारं छोटं पाकीट) जाई, छोट्या गोष्टी चालत, पण स्कॅन केलेली पॅकिंग लिस्ट मधेच अडकून बसे. असं लक्षण दिसलं की पाकिटाचा आकार तपासावा. वायरगार्ड स्वतःच्या वेष्टणाला जागा सोडून १,४२० बाइटांचं पाकीट चालवतं. लाईन पीपीपीओईची (प्रोव्हायडरकडे लॉगिन करून चालणारी) असेल तर तिथे आणखी ८ बाइट जातात. १,४१२ केलं आणि फाईल सरळ गेली.

रिमोट डेस्कटॉपबद्दल एक गोष्ट तळमळीने सांगते. राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून तो थेट इंटरनेटवर टांगू नका. तसा टांगलेला मी इथल्याच बाजारपेठेत पाहिला आहे, आणि त्यातून आलेल्या खंडणीच्या व्हायरसने लॉक केलेली हिशेबाची वर्षंही पाहिली आहेत. एका कुटुंबाची तीन पिढ्यांची मेहनत त्या फाइलींत असते. वायरगार्ड अनोळखी किल्लीच्या पाकिटाला उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. तरी वाटेच्या आत फायरवॉल (कुणाला काय दिसावं ते ठरवणारी चाळणी) ठेवावीच. भिवंडीहून फक्त तो एक सर्व्हर आणि ऑफिसातला एक प्रिंटर दिसतो, मागांच्या डिझाईनची मशीनं दिसत नाहीत. तिथल्या एखाद्या पेनड्राइव्हमधून काही शिरलंच, तर ते इथवर पसरायला नको.

किल्ल्या आणि सेटिंगची एक प्रत सीलबंद पाकिटात अण्णांच्या तिजोरीत आहे, सोबत कागदावर काढलेला नकाशा. पूर्वीचं काम करणारा माणूस पासवर्ड न देताच निघून गेला होता आणि तेव्हा राउटर पुसून सगळं नव्याने मांडावं लागलं होतं. पैसे अण्णांनी भरलेत, नेटवर्क त्यांचं आहे, तेव्हा उद्या मी सोडून दुसऱ्या कुणाला बोलावलं तरी त्याला काम करता आलं पाहिजे.

पावसाळ्यात भिवंडीकडे रस्ता खोदताना फायबर तुटली. गोदामातल्या बॉक्सला ४जी डोंगल लावून ठेवला होता, तो पुढे झाला. पत्ता बदलला तरी किल्ली तीच, त्यामुळे सोलापूरच्या टोकाने नवा पत्ता आपणहून धरला. काकांचा रिमोट डेस्कटॉप क्षणभर थबकला आणि बिल तसंच पुढे चालू राहिलं. सोलापूरची लाईन तुटली तर मात्र हे असं होणार नाही, कारण भिवंडी ज्या पत्त्यावर फोन लावते तोच बंद असेल. म्हणून आता दुसऱ्या कंपनीची दुसरी लाईन, तीही स्टॅटिक आयपीसकट, घ्यायचं अण्णांच्या मनात आहे. दर मागवलेत.