गुलमर्गच्या बर्फावर पाच दिवस

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी स्कीइंग शिकायचे ठरवले तेव्हा गुलमर्गखेरीज दुसरे ठिकाण माझ्या मनात आले नाही. जानेवारी २०२४ च्या दुसऱ्या आठवड्याची तिकिटे मी दिवाळीपूर्वीच काढली होती, कारण २१ डिसेंबर ते ३० जानेवारी हे चाळीस दिवस, ज्यांना काश्मिरी लोक चिल्लई कलान म्हणतात, तेच तिथल्या कडाक्याच्या थंडीचे आणि हक्काच्या बर्फाचे दिवस मानले जातात. त्या वर्षी मात्र हिवाळ्यात काश्मीरला बर्फ देणारे पश्चिमी झंझावात डिसेंबरपासून जवळपास रुसूनच बसले, आणि जानेवारीच्या मध्यावर वर्तमानपत्रांत गुलमर्गच्या उघड्या, तपकिरी गवताची छायाचित्रे छापून आली.

ज्यांच्याकडे आरक्षण केले होते ते फोनवर ‘बर्फ आहे, निर्धास्त या’ एवढेच सांगत राहिले. खोदून विचारले तेव्हा उलगडा झाला की, जो काही थोडाफार बर्फ होता तो अफरवट डोंगराच्या माथ्याकडे, म्हणजे गोंडोला या केबल कारच्या दुसऱ्या टप्प्याच्या वर, साधारण ३,९५० मीटरच्या आसपास होता. नवशिक्यांना ज्या सौम्य उतारांवर उभे करतात ते गुलमर्गचे कुरण तर २,६५० मीटरवर आहे. माझ्यासारखीला माथ्यावरच्या बर्फाचा काहीही उपयोग नव्हता. थोडे पैसे बुडाले, तरी मी जाणे पुढे ढकलले, आणि जानेवारी सरता सरता बर्फ पडू लागला तेव्हा ८ फेब्रुवारीचे तिकीट काढले.

श्रीनगरहून आलेली गाडी टंगमर्गला सोडावी लागली. पुढचा तेरा किलोमीटरचा घाट चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीने चढलो. वाटेत चालक सांगत होता की, जानेवारीत घोडेवाले आणि स्लेज ओढणारे दिवसभर रिकामे बसून संध्याकाळी घरी परतत होते. पर्यटकाची सहल फसली तर तो पुढच्या वर्षी येतो, पण या माणसांचे वर्षाचे पोट याच दोन-तीन महिन्यांवर असते, आणि हे ऐकताना मला माझ्या बुडालेल्या पैशांचा विचार करावासा वाटला नाही.

पहिल्या सकाळी नऊ वाजता आमच्या वयस्कर प्रशिक्षकांनी स्की बांधू देण्याआधी मला मूठभर बर्फ उचलून दाबायला सांगितले. तो गोळा झालाच नाही, काचेच्या चुऱ्यासारखा बोटांतून गळून गेला. दुपारी दीड वाजता त्याच जागेवरच्या बर्फाचा गच्च ओला लाडू वळला आणि हातमोजा भिजला. बर्फ पडून आठवडा होत आला होता. दिवसा उन्हाने वरचा थर वितळायचा आणि रात्री तोच गोठून कडक व्हायचा. सकाळी त्यावर स्कीची कड रुतत नसे, नुसता खरखर आवाज होई आणि मी आडवी घसरत जाई. दुपारी स्की जड होऊन जागीच अडकत. दोहोंच्या मध्ये, साधारण साडेदहा ते बारा, वरचा बोटभर थर मऊ होई आणि खालचा घट्ट राही. माझे खरे शिक्षण याच दीड तासात झाले. स्कीची टोके जवळ आणून टाचा फाकवायच्या आणि आतल्या कडांवर भार देऊन वेग रोखायचा, हे मला तिसऱ्या दिवशी साधले.

चौथ्या दिवशी गोंडोलाच्या पहिल्या टप्प्याने कोंगडूरी या मधल्या स्थानकावर गेलो. वर जोराचा वारा असल्यामुळे दुसरा टप्पा बंद होता, आणि खाली उतरलेल्या लोकांची निराशा दिसत होती. मला मात्र तो निर्णय अगदी योग्य वाटला. तिथे झाडांच्या सावलीतला बर्फ दुपारीही कोरडा होता. त्यावर काठी टेकवत प्रशिक्षक म्हणाले की, चिल्लई कलानमध्ये पडलेला बर्फ गोठून दबतो आणि उन्हाळ्यापर्यंत झऱ्यांना पाणी देतो, उशिरा पडलेला मात्र लवकर वाहून जातो. या वर्षी त्यांना काळजी होती ती आपल्या शेताच्या पाण्याची.

पुढच्या डिसेंबरात आरक्षणापूर्वी मी त्यांनाच फोन केला आणि कुरणावर बर्फ किती, तो कधी पडला, आणि सकाळी मुठीत वळतो का, असे विचारले. ते म्हणाले, ‘अजून गवत दिसते आहे, थोडे थांबा.’ मी थांबले.