६७ चे ७६

साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटातली २१ किलोमीटरची शर्यत यंदा ६७ व्या वर्षी पळालो. घाट जमला. त्याआधीचा एक कागद मात्र अजून डोक्यातनं जात नाही.

तयारीचं काय सांगू? रिटायर झाल्यापासून रोज पहाटे अजिंक्यतारा गड, रविवारी यवतेश्वर. उतारावर गुडघ्याला मार बसतो, म्हणून येताना पावलं आखूड टाकायची.

अर्जाला फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं. वय बघून डॉक्टरांनी आधी टीएमटी, म्हणजे हृदयाची ट्रेडमिल चाचणी सांगितली. छातीला तारा लावून पट्ट्यावर चालवतात; दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो. २२० मधून वय वजा केलं की नाडीचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके, माझे आले १५३. त्याच्या ८५ टक्के, म्हणजे १३० पर्यंत नाडी न्यायची. गडाच्या सवयीनं निवांत झाली. (बूट घालून जा. मी चपलेवर गेलो आणि परत घरी पळालो.)

सर्टिफिकेट हातात आलं. वय वर्षे ७६!

खिडकीतल्या पोराला म्हटलं, "बाळा, आकडे उलटे पडलेत."

"काका, सिस्टीमला तसंच आहे."

पेनानं दुरुस्त करून सही द्या म्हटलं, तर खाडाखोड चालत नाही. नवीन केसपेपर काढा. केसपेपरची खिडकी १२ ला बंद. उद्या या.

घरी बायको म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की, ७६ च्या गटात पळा. नंबर तरी येईल."

दुसऱ्या दिवशी केसपेपर मिळाला, तर साहेब राउंडला. दीड तास बाकावर. आत गेल्यावर बीपी १६०! घरी कधी १३० च्या वर जात नाही.

"एवढ्या बीपीवर सही कशी करू?"

"साहेब, हे तुमच्या बाकाचं बीपी आहे."

हसले नाहीत. पण १० मिनिटं गप्प बसवून परत मोजलं, १३४. सही झाली. शिक्का पलीकडच्या खोलीत, आणि शिक्क्याच्या बाई जेवायला गेलेल्या.

तेव्हा कागद हातात पडला की खिडकीसमोरच नाव, वय, तारीख वाचा. आणि हो, बीपीची गोळी चालू असेल तर टीएमटीच्या दिवशी घ्यायची का, हे डॉक्टरांना आधी विचारा. काही गोळ्या नाडी चढू देत नाहीत. मनानं बंद करू नका.

चुकीचं सर्टिफिकेट फाडलेलं नाही, कपाटात ठेवलंय. ९ वर्षांनी लागेल.