ताईच्या जनुक-अहवालातली एक ओळ

अहवालात नेमकं काय लिहिलं होतं ते आधी सांगतो. ‘एमवायबीपीसी३ या जनुकात एक बदल आढळला. वर्गीकरण : व्हीयूएस.’ पूर्ण रूप, व्हेरियंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स. म्हणजे बदल आहे, पण तो आजाराचं कारण आहे की निरुपद्रवी, हे आज सांगता येत नाही. ताईला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी आहे, हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार, हे इकोवरून आधीच नक्की झालं होतं. तिचा प्रश्न एकच होता : मुलांचं काय? हा आजार बहुतेक वेळा असा चालतो की आई किंवा वडिलांपैकी एकाकडे सदोष जनुक असेल, तर प्रत्येक मुलात ते उतरण्याची शक्यता निम्मी असते.

जनुक समुपदेशकांची भेट लांबची होती. मी डॉक्टर नाही, जीवशास्त्राशी संबंध कॉलेजात सुटला. पण ती ओळ लिहिणाऱ्यांनी ज्या नोंदी पाहिल्या असणार, त्यांतल्या जवळपास सगळ्या कुणालाही फुकट पाहता येतात, एवढं माहीत होतं. तेव्हा त्या पाहायच्याच असं ठरवलं.

पहिली अडचण बदलाच्या पत्त्याची. अहवालात तो ‘सी’ आणि टिंब यांनी सुरू होणाऱ्या खुणेनं लिहिलेला असतो, पण ती खूण एकटी पुरत नाही. जनुकाची कोणती प्रत धरून मोजलं, हे ‘एनएम’नं सुरू होणाऱ्या क्रमांकात असतं, एमवायबीपीसी३ साठी बहुतेक ठिकाणी एनएम_०००२५६ वापरतात. शिवाय गुणसूत्रावरची जागा दिली असेल तर ती मानवी जनुकसंचाच्या जीआरसीएच३७ या २००९च्या नकाशावरची की जीआरसीएच३८ या २०१३च्या, हेही बघावं लागतं. दोन्हींतले आकडे वेगळे असतात. आमच्या अहवालात हे सगळं शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होतं. ज्यांच्या घरी असा अहवाल आला असेल त्यांनी आधी ते पान शोधावं.

तिथून मी क्लिनव्हारवर गेलो. अमेरिकेच्या एनसीबीआय या संस्थेचा जनुकबदलांचा हा डेटाबेस २०१३ पासून सर्वांसाठी खुला आहे. माझ्या मते रुग्णाच्या घरच्यांसाठी यापेक्षा मोलाची जागा नाही, मात्र ती वाचायची कशी हे कळायला हवं. क्लिनव्हार स्वतः निकाल देत नाही. जगभरच्या प्रयोगशाळा आणि तज्ज्ञगट आपापलं मत तिथे नोंदवतात, आणि ते सगळं एका पानावर समोर येतं. मतं पाच प्रकारची : रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. ही पाच पायऱ्यांची पद्धत २०१५ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय आनुवंशिकी आणि विकृतिशास्त्राच्या दोन संघटनांनी मिळून पक्की केली. मतांशेजारी शून्य ते चार तारे असतात. ते आजाराच्या गांभीर्याचे नाहीत, पडताळणी किती झाली त्याचे आहेत. तीन तारे म्हणजे तज्ज्ञमंडळाने तपासलेलं, चार म्हणजे अधिकृत मार्गदर्शक तत्त्वांत गेलेलं.

ताईच्या बदलाला एक तारा होता आणि वर शिक्का ‘परस्परविरोधी मतं’. पाहून पोटात गोळा आला. पण खाली प्रत्येक नोंद उघडली की कोणी, कोणत्या वर्षी, कशाच्या आधारावर हे लिहिलेलं सापडतं. सगळ्यांत जुनी नोंद ‘अनिश्चित’ होती आणि तिच्यासोबत कारण म्हणून जेमतेम एक वाक्य. सगळ्यांत नव्या नोंदीत ‘बहुधा निरुपद्रवी’ होतं, आणि तिथे सविस्तर लिहिलं होतं की हा बदल सर्वसामान्य लोकसंख्येत अपेक्षेपेक्षा जास्त आढळतो. म्हणजे हा विरोध दोन तज्ज्ञांच्या भांडणातून आलेला नव्हता. मधल्या वर्षांत माहिती वाढली होती. तारीख वाचली नसती तर हे दिसलंच नसतं.

‘सर्वसामान्य लोकसंख्येत’ हे कुठून कळतं? नोमॅड नावाच्या डेटाबेसमधून. त्याच्या नोव्हेंबर २०२३च्या चौथ्या आवृत्तीत ८,०७,१६२ लोकांची जनुकीय माहिती एकत्र केलेली आहे, नावागावाशिवाय. एखादा बदल कोणत्या वंशगटात किती जणांत आढळला, ते तिथे मिळतं. दक्षिण आशियाई लोकांचा आकडाही वेगळा दिसतो. तर्क सरळ आहे. हा आजार साधारण पाचशेत एकाला असतो आणि त्याला कारण ठरणारे बदल शेकडो आहेत. मग एकच बदल जर एखाद्या गटात दोनशेत एकाकडे सापडत असेल, तर तो एकटा हा आजार घडवतो असं म्हणणं अवघड जातं.

यावरून २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला एक शोधनिबंध सांगायलाच हवा, तोही नेमका याच आजाराबद्दलचा. पूर्वी रोगकारक ठरवलेले काही बदल कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये सर्रास आढळतात, म्हणजे ते निरुपद्रवी आहेत, असं त्यात दिसून आलं. दरम्यान काही रुग्णांच्या हातात ‘कारण सापडलं’ असे अहवाल जाऊन पडले होते. तुलनेसाठी थोडे जरी कृष्णवर्णीय लोक मूळ अभ्यासांत असते, तरी ही गफलत टळली असती, असं संशोधकांनी दाखवलं. हा निबंध मी दोनदा वाचला. कोणाची माहिती गोळा होते आणि कोणाची होत नाही, यावर एखाद्या घरातली चिंता ठरते. ज्या समाजांची नोंद कमी, त्यांच्या वाट्याला ‘अनिश्चित’ जास्त येतं. हे मला फार लागलं, अजूनही लागतं.

ओमिम या सूचीबद्दल थोडक्यात. व्हिक्टर मॅक्युसिक यांनी १९६६ मध्ये आनुवंशिक आजारांची सूची पुस्तकरूपात काढली, १९८७ पासून ती ऑनलाइन आहे. एमवायबीपीसी३ चा तिथला क्रमांक ६००९५८. मजकूर जड आहे, पण कोणत्या वर्षी काय उलगडलं याचा इतिहास ओळीने वाचता येतो. जनुक म्हणजे काय करतं, ते मला तिथेच नीट कळलं : हृदयाच्या स्नायूतल्या आकुंचनाला आवर घालणारं एक प्रथिन बनवण्याची कृती त्यात असते.

मग पबमेड. अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचा, वैद्यकीय शोधनिबंधांचा हा डेटाबेस २६ जून १९९७ रोजी सगळ्यांसाठी मोफत खुला झाला. त्याआधी मेडलाइन या त्याच ग्रंथालयाच्या लेखसूचीत शोध घ्यायला पैसे मोजावे लागत. आज तिथे साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. एवढ्यांतून हवं ते काढण्यासाठी दोन-तीन गोष्टी उपयोगी पडल्या. तुम्ही साधे शब्द टाइप केलेत की पबमेड त्यांना आपल्या विषयसूचीतल्या, म्हणजे मेशमधल्या, ठरलेल्या संज्ञांशी आपोआप जोडतं. ‘हार्ट अटॅक’ लिहिलं तरी ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’चे लेख येतात ते यामुळे. अवतरणचिन्हांत लिहिलं की ही जोडणी थांबते. प्रगत शोधाच्या पानावर ‘डिटेल्स’ उघडलं, तर आपल्या शब्दांचं पबमेडने काय केलं ते अख्खं दिसतं. ते दर वेळी उघडून पाहावं. आणि सगळ्याच नोंदींना मेशची लेबलं नसतात, म्हणून मेशच्या संज्ञेसोबत शीर्षक-सारांशातले शब्दही ‘ऑर’ (किंवा) घालून द्यावे लागतात.

तरीही ताईचा बदल पबमेडमध्ये सापडेना. कारण साधं आहे : पबमेड शीर्षक, सारांश आणि विषयशब्द वाचतं, संपूर्ण लेख नाही. आणि असे बदल असतात लेखाच्या आत, एखाद्या लांबलचक तक्त्याच्या अठराव्या ओळीत. त्यासाठी पूर्ण मजकुरात शोधणाऱ्या जागा आहेत, पबमेड सेंट्रल आणि युरोप पीएमसी. एकच बदल वेगवेगळ्या लेखांत वेगवेगळ्या खुणांनी लिहिलेला असतो, ही आणखी एक पंचाईत. तिच्यावर एनसीबीआयचं लिटव्हार हे साधन आहे. बदलाचा ‘आरएस’नं सुरू होणारा ओळखक्रमांक दिला की त्याच्या निरनिराळ्या खुणा ओळखून ते लेख समोर ठेवतं. मला मोजकेच लेख मिळाले. एकात हा बदल एका रुग्णात नोंदवला होता, पण त्याच रुग्णात एमवायएच७ या दुसऱ्या जनुकात ठळक रोगकारक बदलही होता. म्हणजे त्याचा आजार त्या दुसऱ्या बदलामुळेही असू शकतो. हा तपशील सारांशात नव्हता.

उपचारांसाठी क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही उपचार-चाचण्यांची नोंद ठेवणारी साइट पाहिली. तिथे नोंद असणं म्हणजे मान्यता नव्हे, हे ती साइट स्वतःच सांगते. मावाकॅम्टेन या औषधाची एक्सप्लोरर-एचसीएम ही चाचणी तिथे सापडली. २५१ रुग्ण, ३० आठवडे. औषध घेणाऱ्यांपैकी ३७ टक्क्यांना अपेक्षित फायदा झाला, औषध नसलेली दिखाऊ गोळी (प्लासिबो) घेणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांना. ताईला दाखवण्याआधी मी सहभागाच्या अटी वाचल्या. ही चाचणी रक्ताच्या वाटेत अडथळा असलेल्या प्रकारासाठी होती. ताईचा प्रकार अडथळा नसलेला. त्या प्रकारासाठीच्या ऑडिसी-एचसीएम चाचणीत मुख्य उद्दिष्टं साधली नाहीत, हे २०२५ मध्ये जाहीर झालं. ताईला हे सांगताना जीभ जड झाली. पण खोटी आशा देण्यापेक्षा हे बरं, असं तिनंच म्हटलं.

समुपदेशक मॅडमकडे आम्ही एक पान घेऊन गेलो : बदलाचा पूर्ण पत्ता, क्लिनव्हारमधल्या नोंदी तारखांसह, नोमॅडमधला आकडा आणि तीन प्रश्न. त्यांनी पान शांतपणे वाचलं आणि बोलणं थेट मुद्द्यावर आलं. अनिश्चित बदलाच्या भरवशावर मुलांची जनुकचाचणी करत नाहीत, हे त्यांनी स्पष्ट केलं. त्यावरून मुलांना निरोगी म्हटलं काय किंवा धोक्यात म्हटलं काय, दोन्ही निष्कर्ष चुकीचे ठरू शकतात. आमच्या काकांनाही हाच आजार आहे हे कळल्यावर त्यांनी काकांमध्ये हा बदल आहे का ते तपासायला सांगितलं. काकांमध्ये तो नाही. एवढ्याने निकाल लागत नाही, पण पारडं ‘निरुपद्रवी’कडे झुकलं, आणि प्रयोगशाळेला ही माहिती कळवली आहे.

मुलांचा इको आणि ईसीजी आता ठरावीक अंतराने होत राहील, जनुकाचं काहीही निघो. एनसीबीआयचं मोफत खातं काढून मी पबमेडमधला शोध जतन केला आहे. या बदलाबद्दल नवीन काही आलं की ईमेल येतो, आणि क्लिनव्हारचं पान मी दर सहा महिन्यांनी, तारखा बघत, पुन्हा वाचतो.