सत्तर पानांचा पुडा

गडचिरोली जिल्ह्यातील एका आश्रमशाळेत मी १९८८ पासून २०१६ पर्यंत शिक्षक होतो, हे कळले की समोरचा माणूस, मग तो पुण्याचा असो, नागपूरचा असो की आमच्याच नात्यातला, एक प्रश्न हमखास विचारतो: "गुरुजी, तिथल्या आदिवासींनी नक्षलवाद्यांना साथ का दिली हो?" चहाचा कप हातात असताना या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, म्हणून आजवर मी बहुतेक वेळा विषय बदलला. तुम्ही मात्र मुद्दाम पत्र लिहून विचारलेत, म्हणून बसून सविस्तर लिहितो.

उत्तराची सुरुवात तेंदूच्या, म्हणजे बिडी वळायच्या, पानापासून करावी लागेल. मे महिन्याच्या सुरुवातीला, उजाडायच्या आधी, घरातील सगळी माणसे लेकराबाळांसह जंगलात जातात, ऊन चढेपर्यंत पाने तोडतात, आणि दुपारभर अंगणातल्या सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात. संध्याकाळी ते पुडे डोक्यावर घेऊन फळीवर, म्हणजे ठेकेदाराच्या खरेदीच्या जागी, जायचे. तिथे बसलेला मुन्शी पुडे मोजणार, फाटकी पाने आहेत म्हणून काही बाजूला काढणार, शेकड्यामागे वरचे चार-पाच पुडे फुकट ठेवून घेणार, आणि वहीत आकडा लिहिणार. ती वही वाचता येणारा माणूस गावात एकही नसे. मी गेलो त्या गावच्या एका म्हाताऱ्याने मला सांगितले होते की, त्याच्या तरुणपणी पुड्याला मिळणारे पैसे इतके थोडे असत की आठवडाभराच्या पानांतून मीठ आणि एखादे लुगडे एवढेच घरी येई.

जंगलाचा दुसरा हिशेब याहून कडू होता. जिल्ह्याचा पाऊण हिस्सा जंगल आणि ते सगळे सरकारी. नांगराला लाकूड आणले तर चोरी, कुंपणाला बांबू तोडला तर चोरी, गुरे चरली तर दंड. जंगल खात्याचा गार्ड गावात आला की कोंबडा कापावा लागे, त्याची गाठोडी पुढच्या गावापर्यंत वाहून न्यावी लागत, आणि बायकांच्या बाबतीत काय काय चाले ते त्या म्हाताऱ्याने मान खाली घालून, अर्धेच सांगितले. प्रत्येक कर्मचारी असाच होता असे मी म्हणणार नाही. चांगले लोकही मी पाहिले. पण तक्रार करायची तर कोणाकडे, हे कोणालाच माहीत नव्हते, आणि माडिया, म्हणजे इथल्या आदिवासींची भाषा, बोलणाऱ्या माणसाची तक्रार समजेल असा माणूस तालुक्याच्या कचेरीत क्वचितच असे.

अशा मुलखात ते लोक आले. कोंडापल्ली सीतारामय्या यांनी २२ एप्रिल १९८० रोजी आंध्र प्रदेशात पीपल्स वॉर ग्रुप ही नक्षलवादी संघटना स्थापन केली, आणि त्याच वर्षी गोदावरी आणि प्राणहिता ओलांडून त्यांची लहान लहान पथके सिरोंचाकडे उतरली. तो भाग तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली हा वेगळा जिल्हा १९८२ मध्ये झाला. नोव्हेंबर १९८० मध्ये मोयाबीनपेठा येथे पेद्दी शंकर हा त्यांचा तरुण कार्यकर्ता पोलिसांच्या गोळीने मारला गेला. त्यानंतर ते परत जातील असे अनेकांना वाटले होते, पण ते गेले नाहीत. १९८४ साली कमलापूर येथे आदिवासी शेतकऱ्यांची परिषद भरवण्याचा प्रयत्न झाला. पोलिसांनी ती होऊ दिली नाही, पण परिषदेची बातमी मात्र गावोगाव पोहोचली.

ते गावात आले ते आधी माडिया शिकून आले, ही गोष्ट मी कधी विसरू शकलेलो नाही. आम्हा शिक्षकांपैकी कितीजण तेवढे करून आले होते? त्यांनी गावाला सांगितले की दर ठरल्याशिवाय यंदा कोणी पान तोडायचे नाही. पानाचा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो; तेवढे दिवस संप टिकला तर ठेकेदार बुडतो. दर वाढला. पुढच्या वर्षी पुन्हा वाढला. बांबूतोडीची मजुरी वाढली. आतल्या गावांत गार्ड यायचेच बंद झाले. तुमच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग इथे संपतो: हो, त्या पहिल्या काही वर्षांत साथ होती, मनापासून होती, आणि ती मिळवताना त्यांनी जे केले ते करणे हे आपल्या सरकारचे, आपल्या कामगार खात्याचे, आणि खरे सांगायचे तर आपणा सगळ्यांचे काम होते.

परंतु पानाचा दर हे त्यांचे ध्येय कधीच नव्हते. बंदुकीच्या बळावर राज्यसत्ता घ्यायची आणि त्यासाठी जंगलात आपला तळ पक्का करायचा, हे त्यांनी लपवलेलेही नव्हते. माडिया माणसाला दर हवा होता. त्या तळासाठी लागणारी रसद, निरोपे आणि कोवळी मुले आपल्याच घरातून द्यावी लागतील, हे त्याला तेव्हा कोणी समजावून सांगितले नव्हते. ज्या ठेकेदाराला त्यांनी नमवले होते त्याच्याकडूनच पुढे ते खंडणी घेऊ लागले, आणि ठेकेदारही शहाणा झाला: दादांना, म्हणजे नक्षलवाद्यांना, इतके दिले की बाकीचा धंदा निर्धास्त. म्हणजे सत्तर पानांच्या ज्या पुड्याने त्यांना गावात जागा मिळवून दिली, त्याच पुड्याच्या पैशातून सुरुंगाची तार आणि बॅटऱ्या येऊ लागल्या. मग रस्ता नको, पूल नको, मोबाईलचा मनोरा नको. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी राजीनामे द्यायचे. १५ ऑगस्टला शाळेवर काळा झेंडा लावा, असे सांगणारी चिठ्ठी आमच्या शाळेच्या दारातही एकदा आली होती.

दुसऱ्या बाजूने सरकार आले तेही प्रथम बंदूक घेऊनच आले. १ डिसेंबर १९९० रोजी सी-६० हे पोलिसांचे विशेष पथक उभे राहिले, त्यात स्थानिक तरुण भरती झाले, आणि तेव्हापासून एका गोटुलात, म्हणजे गावातल्या तरुण मुलामुलींच्या सामाईक घरात, वाढलेली दोन मुले समोरासमोर बंदुका धरून उभी राहू लागली. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली अनेक गरीब आदिवासी तुरुंगात गेले. रात्री दलम, म्हणजे नक्षलवाद्यांचे सशस्त्र पथक, येऊन भात मागे. सकाळी पोलीस येऊन विचारत की भात का दिलात. या दोन प्रश्नांमध्ये जो माणूस उभा असे त्याने कोणाला 'साथ' दिली, हे तुम्हीच मला सांगा.

एक सकाळ लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. डिसेंबरचा पहिला आठवडा होता, नक्षलवाद्यांचा सप्ताह सुरू होता, आणि धुके इतके दाट होते की वसतिगृहातून शाळा दिसत नव्हती. सहावीतल्या एका मुलाला न्यायला त्याचा काका सायकलवर आला. तो काहीच बोलेना. मी माझी सायकल काढली आणि मुलाला पुढे बसवून नऊ किलोमीटर त्याच्यामागे गेलो. गावाबाहेरच्या वळणावर, रस्त्याच्या मधोमध, मुलाचे वडील पडलेले होते. हात मागे बांधलेले. छातीवर दगडाखाली एक कागद ठेवलेला होता, त्यावर लाल शाईने लिहिले होते: 'पोलीस खबऱ्या'. दवाने शाई पसरली होती. गावातील कोणी प्रेताला हात लावत नव्हते, कारण हात लावणाऱ्याचे नाव कोणीतरी लक्षात ठेवील अशी भीती होती. आणि पोलीस लगेच येत नव्हते, कारण प्रेताखाली किंवा रस्त्यात सुरुंग असू शकत होता. मुलाची आई एकटी बाजूला बसून पळसाच्या डहाळीने माश्या वारत होती. दुपारी अडीचपर्यंत ती तशीच वारत राहिली. त्या माणसाचा गुन्हा एवढाच होता की तालुक्याच्या बाजारातून परतताना पाय दुखत होता म्हणून तो पोलिसांच्या गाडीत बसून आला होता.

या जिल्ह्यात नक्षलवाद्यांच्या हातून मारले गेलेल्या सामान्य नागरिकांची संख्या पाचशेच्या वर आहे, आणि त्यांतील बहुतेक आदिवासी आहेत. गरिबांच्या नावाने लढणाऱ्यांनी सर्वांत जास्त मारले ते गरीबच. मारले गेलेले पोलीस दोनशेच्या आसपास आहेत, आणि त्यांतीलही कितीतरी याच मातीतले. २००४ मध्ये पीपल्स वॉर आणि माओवादी कम्युनिस्ट सेंटर एक होऊन भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी) हा पक्ष झाला आणि त्यानंतर सगळेच मोठे आणि क्रूर झाले. एकट्या २००९ मध्ये मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी या तीन ठिकाणी मिळून ४८ पोलीस गेले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, जांभुळखेड्याजवळ सुरुंगाने १५ पोलीस आणि त्यांच्या वाहनाचा चालक यांचे तुकडे झाले. उलट बाजूला, एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर-बोरिया आणि राजाराम खांदला परिसरात मिळून ४० नक्षलवादी मारले गेले. त्यांतील काहीजण आपली मुले होती, ती लग्नाला म्हणून घरून निघाली होती, असे गट्टेपल्लीच्या कुटुंबांनी सांगितले, आणि पोलिसांनी ती नुकतीच भरती झालेली होती असे सांगितले. नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोल्याच्या जंगलात माओवाद्यांचे वरिष्ठ नेते मिलिंद तेलतुंबडे यांच्यासह पंचवीसहून अधिक मारले गेले.

लोक म्हणतात की पोलिसांनी नक्षलवाद्यांना संपवले. पोलिसांनी मोजलेली किंमत मी कमी लेखणार नाही. पण मला दुसरी एक गोष्टही तितकीच मोठी वाटते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ मध्ये गावाने आपल्या जंगलातील बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकला. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' हे त्या गावाचे म्हणणे, आणि त्यासाठी त्यांनी एकही गोळी झाडली नाही. पुढे जिल्ह्यातील हजाराहून अधिक गावांना असा हक्क मिळाला, आदिवासी भागातील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याखाली ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या, आणि फळीवरची वही गावातल्याच शिकलेल्या मुलामुलींच्या हाती आली. त्यातही भांडणे झाली, काही ठेकेदारांनी ग्रामसभांचे पैसे थकवले, भाव एका वर्षी चढला आणि दुसऱ्या वर्षी कोसळला. तरीही, दरासाठी आता जंगलातल्या दादाकडे जायचे कारण उरले नाही. सुरजागडच्या लोहखनिजाच्या खाणीचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. तिथल्या गावांचे म्हणणे ऐकून घेतले जावे, असे मी प्रत्येक ठिकाणी सांगतो.

१ जानेवारी २०२५ रोजी गट्टा ते वांगेतुरी अशी एसटी सुरू झाली. त्या रस्त्याने मी कितीदा चिखलातून सायकल हातात धरून गेलो आहे, त्यामुळे ते छायाचित्र मी बराच वेळ पाहत बसलो. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला माओवाद्यांचे वरिष्ठ नेते मल्लोजुला वेणुगोपाल राव, म्हणजे भूपती, यांनी ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. चाळीसहून अधिक वर्षे जंगलात काढलेला माणूस.

त्या संध्याकाळी मला फोन आला. सहावीतला तो मुलगा आज चाळिशीकडे आला आहे, आपल्या ग्रामसभेचे हिशेब लिहितो. टीव्हीवर त्याने ते सगळे पाहिले होते. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. शस्त्रे ठेवणाऱ्यांना घर, पैसे, काम मिळणार, हे बरे आहे, नाहीतर आत राहिलेले बाहेर कसे येतील, असे तोच मला म्हणाला. मग थोडा वेळ थांबून त्याने विचारले, "गुरुजी, माझा बाप खबऱ्या नव्हता, एवढे त्यांच्यापैकी कोणी लिहून देईल का? आई विचारते."